रेस्क्यू पेनड्राइव्हवर पर्सिस्टन्स कसा लावायचा? रिबूटमध्ये १९ तासांची मॅपफाइल गेली

निळीशाई

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

बहिणीच्या लॅपटॉपची १ टीबीची हार्डडिस्क शेवटच्या घटका मोजतेय. टकटक आवाज येतो, एक फोल्डर उघडायला पाच पाच मिनिटं लागतात. त्यात तिच्या लेकाचे जन्मापासूनचे फोटो आहेत आणि दुसरी कॉपी कुठेच नाही. मी डेबियन लिनक्सची लाइव्ह आयएसओ (डिस्कवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टीम) डीडी या कॉपीच्या कमांडने ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकली, त्यावरून बूट केलं, वायफाय जोडलं, जीडीडीरेस्क्यू पॅकेज (त्यातलं डीडीरेस्क्यू खराब डिस्कवरून वाचता येईल तेवढं कॉपी करतं) घातलं आणि बाहेरच्या यूएसबी डिस्कवर इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, घ्यायला लावली. मॅपफाइल, म्हणजे कुठला भाग वाचून झाला त्याची नोंद, होम फोल्डरमध्ये ठेवली. १९ तास चाललं, ९१ टक्क्यांपर्यंत आलं आणि चार्जरची पिन हलली. बॅटरी त्या लॅपटॉपची कधीच गेलेली, त्यामुळे स्क्रीन एकदम काळी. परत बूट केलं तर होम कोरं. मॅपफाइल नाही, पॅकेज नाही, वायफायचा पासवर्डसुद्धा नाही.

लाइव्ह सिस्टीम रॅममध्ये चालते हे ऐकून होते, पण आयएसओ जेमतेम ३ जीबीची आणि पेनड्राइव्ह ३२ चा, म्हणजे उरलेल्या जागेत काहीतरी सेव्ह होत असणार असंच मी धरून चालले होते.

तर दोन प्रश्न. एक, ते ९१ टक्के काम वाया गेलं का? आणि दोन, या पेनड्राइव्हवर कायमची साठवण, म्हणजे पर्सिस्टन्स, कशी लावायची, म्हणजे परत असं होणार नाही?

कप्पी_दोरी

आधी पहिला प्रश्न, कारण दुसऱ्याला घाई नाही. डिस्क आत्ता बंद ठेवा आणि पहिल्यापासून अजिबात सुरू करू नका, मरत्या डिस्कला ते ९१ टक्के परत वाचायला लावलं तर ती मधेच जाऊ शकते.

मला हे सांगा, इमेज तुम्ही एका नव्या फाइलमध्ये घेत होतात की बाहेरच्या डिस्कवर थेट, म्हणजे डिस्कला डिस्क?

निळीशाई

फाइलमध्ये. बाहेरची डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टीम) आहे, त्यावर नवीनच फाइल तयार झाली होती. ती फाइल अजून आहे.

कप्पी_दोरी

मग जीव भांड्यात पडू द्या. डीडीरेस्क्यूमध्ये जनरेट मोड म्हणून एक गोष्ट आहे, डॅश आणि कॅपिटल जी. त्याला मूळ डिस्क, अर्धवट इमेज आणि नव्या मॅपफाइलचं नाव या क्रमाने दिलं की तो इमेज चाळतो आणि जे सेक्टर पूर्ण शून्यांनी भरलेत ते अजून वाचायचे राहिलेत असं धरून नवी मॅपफाइल लिहून देतो. तुमची फाइल नवी कोरी होती म्हणून हे जमतं. आधीपासून वापरातल्या डिस्कवर थेट कॉपी घेत असतात तर तिथे जुना कचरा असता, शून्यं नसती, आणि मग खरंच पहिल्यापासून करावं लागलं असतं. मूळ डिस्कवर जे सेक्टर खरोखरच शून्य आहेत ते पण तो परत वाचेल, त्यात थोडा वेळ जाईल, बाकी नुकसान काही नाही.

मॅपफाइल तयार झाली की ती एडिटरमध्ये उघडून बघा, साधी टेक्स्ट फाइल असते. प्रत्येक ओळीत सुरुवात, लांबी आणि एक चिन्ह. अधिक म्हणजे वाचून झालेलं, उणे म्हणजे खराब सेक्टर, प्रश्नचिन्ह म्हणजे हात लावायचा बाकी. अधिकवाल्या ओळी खंडीभर दिसल्या की समजा काम वाचलं. मग नेहमीचीच कमांड, तीच इमेज आणि ही मॅपफाइल देऊन पुढे चालू करायची.

आणि एक, ही मॅपफाइल इमेजच्या शेजारी ठेवा, त्याच बाहेरच्या डिस्कवर. तुमच्या बाबतीत एवढं केलं असतं तर पर्सिस्टन्स नसूनही काही बिघडलं नसतं. मी हे टोचायला म्हणत नाहीये. पर्सिस्टन्स लावल्यावर लोक सगळंच पेनड्राइव्हवर ठेवायला लागतात म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

सेक्टरशून्य

कप्पीताईंनी बरोबर सांगितलंय, मी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आधी उरलेल्या जागेत काहीच का जात नाही ते समजून घ्या, मग पुढचं आपोआप कळेल.

आयएसओ डीडीने लिहिली की पेनड्राइव्हवर आयएसओ ९६६० ही सीडीची फाइलसिस्टीम बसते, ती वाचण्यापुरतीच. तिच्यात एक मोठी स्क्वॉशएफएस फाइल असते, दाबून बसवलेली अख्खी सिस्टीम, तीही वाचण्यापुरतीच. बूट झाल्यावर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्या स्क्वॉशएफएसच्या वर एक कोरा थर पसरतं, त्याला ओव्हरलेएफएस म्हणतात (कर्नलमध्ये तो २०१४ साली ३.१८ मध्ये आला, आधी एयूएफएस वापरायचे). तुम्ही जे काही बदलता ते वरच्या थरात लिहिलं जातं, खालच्याला धक्का लागत नाही. काचेखाली छापील नकाशा आणि काचेवर खडूने खुणा, तसं. आता हा वरचा थर कुठे आहे? नेहमीच्या लाइव्ह बूटमध्ये रॅममध्ये. वीज गेली की काच पुसली.

पर्सिस्टन्स म्हणजे फक्त एवढंच, की वरचा थर रॅमऐवजी पेनड्राइव्हवरच्या एका लिहिता येणाऱ्या पार्टिशनवर ठेवायचा. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पार्टिशन, त्याचं लेबल आणि बूट करताना कर्नलला दिलेला एक शब्द. डेबियनला चौथी पण लागते, एक कॉन्फ फाइल. यातली एक जरी चुकली तरी सिस्टीम काही तक्रार करत नाही, गुपचूप रॅमवर चालू होते आणि आपल्याला वाटतं सगळं सेव्ह होतंय. खरा घोटाळा इथेच होतो.

डेबियनसाठी असं करा.

लिनक्सच्या दुसऱ्या कुठल्यातरी मशिनवर पेनड्राइव्ह लावा आणि एलएसबीएलके (डिस्कांची यादी दाखवणारी कमांड) चालवून कुठला कोण ते बघा. आकार आणि मॉडेलचं नाव दोन्ही बघा, नुसत्या एसडीए एसडीबीवर विसंबू नका, ती अक्षरं बूटगणिक बदलू शकतात. मग एफडिस्क, पार्टिशन करायची कमांड. जीपार्टेडने करू नका, हायब्रिड आयएसओ बघितली की ते बहुतेक वेळा अख्खा पेनड्राइव्ह एकच आयएसओ म्हणून दाखवतं आणि मोकळी जागा दिसतच नाही. एफडिस्कमध्ये नवीन प्रायमरी पार्टिशन घ्या, माझ्याकडे ते तिसरं येतं, आणि पहिला सेक्टर आयएसओ जिथे संपते त्याच्या पुढचाच आहे ना ते डोळ्यांनी तपासा. इथे एक खड्डा आहे. एफडिस्क कधी कधी म्हणतं की डिव्हाइसवर आयएसओ ९६६० ची सिग्नेचर आहे आणि राइट केलं की ती काढून टाकली जाईल. तसं दिसलं तर राइट करू नका, क्यू दाबून बाहेर या आणि वाइप ऑप्शनला नेव्हर देऊन एफडिस्क परत चालू करा. ती सिग्नेचर गेली की लाइव्ह सिस्टीमला स्वतःचंच माध्यम सापडत नाही.

मग त्या पार्टिशनवर ईएक्सटी४ करा आणि लेबल द्या पर्सिस्टन्स, सगळी अक्षरं लहान. ते माउंट करून त्यात सगळ्यात वरच्या पातळीवर, कुठल्याही फोल्डरात नाही, पर्सिस्टन्स डॉट कॉन्फ नावाची फाइल बनवा, त्यात एक ओळ: स्लॅश, स्पेस, युनियन, म्हणजे अख्ख्या सिस्टीमवर (रूटवर) हा वरचा थर चढवा. सेव्ह, अनमाउंट, झालं.

बूट करताना ग्रबच्या (बूटलोडरच्या) मेनूत लाइव्हच्या ओळीवर जाऊन कीबोर्डवरचं ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पर्सिस्टन्स हा शब्द जोडा आणि कंट्रोल एक्स. जुन्या बायोस मशिनवर ग्रबऐवजी आयसोलिनक्सचा मेनू आला तर तिथे ई नाही, टॅब दाबायचं.

मी_शिकतोय

सेक्टरदादा मी पण हेच करून बघतोय तीन दिवस, सगळं तुम्ही सांगितलंय तसंच केलंय, पार्टिशन दिसतंय, कॉन्फ फाइल आहे, ग्रबमध्ये शब्द पण टाकतो, तरी रिबूट केल्यावर डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल गायब. पेनड्राइव्हच खराब असेल का?

सेक्टरशून्य

पेनड्राइव्हवर शंका शेवटी. आधी बूट झाल्यावर टर्मिनलमध्ये फाइंडएमएनटी चालवा आणि यादीत तुमचं तिसरं पार्टिशन कुठे माउंट झालंय का ते बघा. नसेल तर ते सापडलंच नाहीये. मग एलएसबीएलकेला लेबलचा कॉलम मागा आणि स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून वाचा.

मी_शिकतोय

सापडलं!!! लेबलमध्ये टी नंतर ए टाकला होता, ई पाहिजे होता. ग्रबमध्ये मात्र बरोबर लिहीत होतो. तीन दिवस गेले एका अक्षरात. ई टू लेबलने बदललं, परत फॉरमॅट पण करावं लागलं नाही, आणि आता फाइल राहतेय. खूप खूप आभार.

कप्पी_दोरी

ही ए ई ची चूक फार जणांची होते. त्यात अजून एक भर घालते. डेबियन आणि काली यांना कर्नलच्या ओळीत पर्सिस्टन्स लागतो, उबुंटूच्या कॅस्परला (त्यांची लाइव्ह बूटची यंत्रणा) पर्सिस्टंट लागतो, शेवटी टी. लेबलं पण वेगळी, उबुंटूला पूर्वी कॅस्पर-आरडब्ल्यू लागायचं, २०.०४ पासून पार्टिशनचं लेबल रायटेबल. कॉन्फ फाइलची भानगड उबुंटूला नाही. इंटरनेटवर २०१२, २०१३ चे लेख अजून वर येतात, त्यात डेबियनला लाइव्ह-आरडब्ल्यू लेबल द्यायला सांगितलेलं असतं, ते आता चालत नाही. लेख वाचताना तो कुठल्या डिस्ट्रोचा आणि कुठल्या साली लिहिलेला हे आधी बघा.

उलटतपासणी

एवढा सगळा उपद्व्याप कशाला? व्हेंटॉय टाका. २०२० पासून आहे, पेनड्राइव्हवर आयएसओ नुसती कॉपी करायची, दहा आयएसओ ठेवा हव्या तर. पर्सिस्टन्ससाठी त्यांची स्क्रिप्ट येते, क्रिएट पर्सिस्टंट आयएमजी, ती एक डॅट फाइल बनवते, ती फाइल म्हणजेच तुमचं पार्टिशन समजा. मग व्हेंटॉय नावाच्या फोल्डरमध्ये जेसन फाइलमध्ये लिहायचं की या आयएसओला ही डॅट फाइल. जेसन हाताने लिहायचं नसेल तर व्हेंटॉयप्लगसन ब्राउझरमध्ये उघडतं, क्लिक करून होतं. बूट करताना तो स्वतःच विचारतो, पर्सिस्टन्ससह की शिवाय. ग्रबमध्ये दर वेळी ई दाबून टाइप करायची कटकट संपली. विंडोजवालं कुणी असेल तर रुफसमध्ये पण २०१९ च्या ३.७ पासून पर्सिस्टन्सचा स्लायडर आहे, उबुंटू डेबियनला चालतो.

सेक्टरशून्य

व्हेंटॉय चांगलंच आहे, मीही एका पेनड्राइव्हवर ठेवलंय. फक्त त्या स्क्रिप्टचं एक लक्षात ठेवा, काही न सांगता चालवली तर १ जीबी आकार आणि कॅस्पर-आरडब्ल्यू लेबल देते. डेबियनसाठी लेबल पर्सिस्टन्स द्यायला सांगावं लागतं आणि डॅश सी देऊन कॉन्फ फाइलचं नावही. ते विसरलं की वरचीच गोष्ट, काही न बोलता रॅमवर.

माझा आक्षेप फक्त रेस्क्यूपुरता आहे. जेव्हा मशीन मोडलेलं असतं तेव्हा मधे जितके थर कमी तितकं बरं. कुठल्याशा जुन्या बायोसवर अडकलं तर अडचण कर्नलची, आयएसओची की व्हेंटॉयची हे शोधायला तेव्हा डोकं जागेवर नसतं.

दर वेळी टाइप करायचं नसेल तर दुसरी वाट आहे. आयएसओ डीडीने लिहायचीच नाही. पेनड्राइव्हवर पहिलं पार्टिशन फॅट३२, त्यात आयएसओ उघडून सगळ्या फाइली कॉपी करा, दुसरं पार्टिशन ईएक्सटी४ पर्सिस्टन्ससाठी. यूईएफआय मशीन, म्हणजे बायोसच्या नंतरची नवी पद्धत असलेलं, फॅट३२ वरचं ईएफआय फोल्डर बघून बूट होतं. आता ग्रबची कॉन्फ फाइल लिहिता येते, त्यात लाइव्हच्या नोंदीची दुसरी प्रत करा, एकीत पर्सिस्टन्स शब्द, एकीत नाही. अट एकच, स्क्वॉशएफएस फाइल ४ जीबीच्या आत हवी, फॅट३२ त्याहून मोठी फाइल घेत नाही. आणि हे जुन्या बायोसवर चालणार नाही, तिथे बूटलोडर वेगळा बसवावा लागतो.

आडवाट

मी इथे कळकळीने एक सांगतो, निळीशाई, ती स्लॅश युनियनवाली ओळ टाकू नका. निदान रेस्क्यू पेनड्राइव्हवर तरी नको. माझा अनुभव सांगतो.

माझ्या पेनड्राइव्हवर पूर्ण पर्सिस्टन्स होता, अख्ख्या रूटचा. वर्षभर मी त्याला घरातल्या मशिनसारखं वागवलं, अपडेट करायचो, पॅकेज घालायचो काढायचो. एकदा अपडेटमध्ये नवीन कर्नल आलं. आता बघा, लाइव्ह पेनड्राइव्ह कर्नल उचलतो तो आयएसओमधूनच, वरच्या थरात तुम्ही कितीही नवीन कर्नल घाला तो त्याकडे बघत नाही. हे मला ठाऊक नव्हतं. जागा कमी पडायला लागली म्हणून मी जुन्या कर्नलचं पॅकेज काढलं, वॉर्निंग आली होती ती न वाचता हो म्हटलं. जागा तर मोकळी झाली नाहीच, कारण खालच्या थरातलं काही खरं पुसलं जात नाही, ओव्हरले फक्त वर एक खूण ठेवतो की ही फाइल नाही असं समजा. पण त्या खुणांनी जुन्या कर्नलची मॉड्यूल्स, म्हणजे ड्रायव्हर वगैरे, झाकली गेली.

दोन महिन्यांनी वडिलांच्या मशिनचं विंडोज बूट होईना, त्यांचे सगळे हिशेब त्यात, मी पेनड्राइव्ह घेऊन बसलो. बूट झालं तेच जुनं कर्नल, आणि त्याची मॉड्यूल्स कुठेच नाहीत. वायफाय नाही. एनटीएफएस डिस्क माउंट होत नाही. पेनड्राइव्ह चालू आहे, टर्मिनल समोर आहे आणि हातात काहीच नाही. वडील मागे खुर्ची ओढून बसलेले, काही बोलत नव्हते, नुसते स्क्रीनकडे बघत होते. ती अर्धी रात्र मी विसरणार नाही.

शेवटी ग्रबमधून पर्सिस्टन्स शब्द काढून बूट केलं तेव्हा खालची मूळ सिस्टीम जशीच्या तशी उभी राहिली, डिस्क माउंट झाली, हिशेब मिळाले. खालचा थर कधी मोडत नाही हेच या रचनेचं खरं बळ आहे आणि मी वर्षभर त्याच्यावर कचरा टाकत होतो.

मी_शिकतोय

पण मग पॅकेज दर वेळी परत घालायची? मला तर त्यासाठीच पाहिजे होतं.

आडवाट

कुठली पॅकेज लागतात ते आधी लिहून काढा, बहुतेकांची यादी दहाच्या आत संपते. डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क (फोटोरेक त्यातच येतं), स्मार्टमॉनटूल्स, फार तर क्लोनिंगचं काहीतरी. हे सगळं आधीच असलेली डिस्ट्रो घ्या की मग. सिस्टमरेस्क्यू त्यासाठीच आहे, त्यात हे सगळं तयार असतं. त्याला वरचा थर पार्टिशनवर हवा असेल तर सीओडब्ल्यू लेबल म्हणून बूट ऑप्शन आहे, शिवाय एसआरएम मॉड्यूल म्हणून सोय आहे, म्हणजे तुमच्या जादा फाइली स्क्वॉशएफएस करून शेजारी ठेवायच्या. मला ते फार आवडतं, कारण जादाचा थर पण वाचण्यापुरताच राहतो, चुकून मोडत नाही.

डेबियनच ठेवायचं असेल तर कॉन्फ फाइलमध्ये अख्ख्या रूटऐवजी मोजक्याच जागा द्या. माझ्या फाइलमध्ये आता दोन ओळी आहेत. एक स्लॅश होम. दुसरी नेटवर्कमॅनेजरचं सिस्टीम-कनेक्शन्स फोल्डर, म्हणजे वायफाय लक्षात राहतं. लाइव्ह-बूट पहिल्यांदा त्या फोल्डरमधलं मूळ सामान स्वतःच पार्टिशनवर कॉपी करून घेतं आणि पुढे तेच वापरतं. पॅकेजच्या डेब फाइली होममध्येच एका फोल्डरात ठेवल्यात, लागल्या की एका कमांडने घालतो, नेट नसलं तरी चालतं. मिनिटभर जातं.

उलटतपासणी

हे जरा टोकाचं होतंय. अपडेट करू नका, कर्नलला हात लावू नका एवढी शिस्त पाळली तर पूर्ण युनियन वर्षानुवर्षं चालतो, माझा चालतोय. मला माझी एसएसएच सेटिंग, फायरवॉलचे नियम, सिस्टमडीच्या दोन सेवा, सगळं जागच्या जागी लागतं. दोन फोल्डर ठेवून माझं भागणार नाही.

आडवाट

तुमचं भागत असेल तर ठेवा, तुम्हाला खाली काय चाललंय ते कळतं. निळीशाईंना बहिणीची डिस्क वाचवायचीय. शिस्त मोडते ती नेमकी घाईत, आणि रेस्क्यू पेनड्राइव्ह बाहेर निघतो तो घाईतच.

बाय द वे, मोडलेला युनियन दुरुस्तही होतो. पर्सिस्टन्सशिवाय बूट करा, ते पार्टिशन माउंट करा, आत आरडब्ल्यू नावाचं फोल्डर दिसेल, तोच वरचा थर. त्यात जाऊन जे झाकलं गेलंय त्याची खूण पुसली, ती शून्य-शून्य क्रमांकाची कॅरॅक्टर डिव्हाइस म्हणून दिसते, की खालची मूळ फाइल परत दिसायला लागते. माझी मॉड्यूल्स मी नंतर अशीच परत आणली.

सेक्टरशून्य

आडवाटच्या बाजूने माझं मत. आणि पूर्ण युनियन ठेवा किंवा नका ठेवू, पर्सिस्टन्सशिवायची नोंद मेनूत असलीच पाहिजे. त्या पार्टिशनवर ई टू एफएससीके चालवायचं तरी ते अनमाउंट पाहिजे, आणि त्यावरूनच बूट केलेलं असताना ते जमत नाही.

फेडोरावाल्यांसाठी एक ओळ: त्यांच्या जुन्या पद्धतीचा ओव्हरले डिव्हाइस-मॅपरच्या स्नॅपशॉटवर चालतो, त्यात फाइल पुसली तरी वापरलेली जागा परत मिळत नाही, आणि भरला की फाइलसिस्टीमच बिघडते. तिथे तर फार जपून.

निळीशाई

वाचतेय सगळं, खूप शिकायला मिळतंय. आडवाट, तुमचा वडिलांचा प्रसंग वाचून पोटात गोळा आला.

आकाराबद्दल विचारायचं होतं, ३२ जीबीमधले किती द्यायचे? आणि ईएक्सटी४ चं जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) बंद करा, त्याने पेनड्राइव्ह जास्त टिकतो असं एका ठिकाणी वाचलं, ते करू का?

कप्पी_दोरी

होम आणि वायफायसाठी ४ जीबी भरपूर. उरलेल्यात एक एक्सफॅट पार्टिशन करा, कुठल्याही मशिनवर उघडतं, आणि वाचवलेल्या चार महत्त्वाच्या फाइली पटकन द्यायला बरं पडतं. विंडोज १० मध्ये १७०३ नंतर पेनड्राइव्हवरची एकाहून जास्त पार्टिशनं दिसतात, त्याआधी पहिलंच दिसायचं.

पण याचीच दुसरी बाजू ऐका. पेनड्राइव्ह विंडोजला लावला की ईएक्सटी४ पार्टिशन त्याला कळत नाही आणि तो डिस्क फॉरमॅट करायला हवी असा डबा समोर टाकतो. आमच्याकडे एकाने चांगुलपणाने हो दाबलं होतं. एसएसएच किल्ल्या, नोट्स, लॉग, सगळं गेलं. तेव्हापासून मी पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवते, फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा. आणि महिन्यातून एकदा त्या पार्टिशनची टारने प्रत घेते.

जर्नल बंद करू नका. थोडं लिहिणं वाचतं हे खरं, पण रेस्क्यूमध्ये वीज जाणं, बटण दाबून मशीन बंद करणं हे ठरलेलंच, तुमचंच उदाहरण बघा ना. जर्नल असेल तर पुढच्या बूटला फाइलसिस्टीम सावरते. त्यापेक्षा फॉरमॅट करताना राखीव ५ टक्के शून्यावर आणा, ती जागा रूट युजरसाठी राखलेली असते, इथे फुकट जाते. आणि फॉरमॅट झाल्यावर पहिल्यांदा माउंट केलं की पेनड्राइव्हचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहील, घाबरू नका, ईएक्सटी४ आपले राहिलेले इनोड तक्ते मागून लिहीत असतं, ते होऊ द्या, उपटू नका.

पेनड्राइव्ह नवा असेल तर सगळ्यात आधी एफ३ या क्षमता तपासणाऱ्या टूलने तपासून घ्या. लिहिलेली क्षमता खोटी असलेले पेनड्राइव्ह असतात, सुरुवातीची जागा नीट चालते आणि पर्सिस्टन्स असतो नेमका शेवटाकडे.

मी_शिकतोय

एसएसएच किल्ल्या आणि वायफायचे पासवर्ड उघडे पेनड्राइव्हवर, हरवला तर?

उलटतपासणी

एलयूकेएस करा, म्हणजे पार्टिशन एन्क्रिप्ट करा. कालीच्या मेनूत एन्क्रिप्टेड पर्सिस्टन्सची नोंद तयारच येते. पार्टिशनवर आधी क्रिप्टसेटअपने एलयूकेएस, ते उघडून आत ईएक्सटी४, पर्सिस्टन्स हे लेबल आतल्या फाइलसिस्टीमला द्यायचं, आणि कॉन्फ फाइल पण आतच. बूटला पासफ्रेज विचारतो. डेबियनला कर्नलच्या ओळीत पर्सिस्टन्स-एन्क्रिप्शनला एलयूकेएस असं द्यावं लागतं, पण तुमच्या आयएसओच्या इनिटआरएएमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी सिस्टीम) क्रिप्टसेटअप असेल तरच उघडेल, ते आधी रिकाम्या पार्टिशनवर करून बघा मगच सामान हलवा. हेडरची प्रत दुसरीकडे ठेवा, पेनड्राइव्हवर पहिले काही एमबी खराब झाले तर पासफ्रेज माहीत असूनही काही उघडत नाही.

आडवाट

मी उलट करतो, किल्ल्या ठेवतच नाही त्यावर. दुसऱ्यांच्या मशिनला लागणारी वस्तू आहे ती. नोट्स, स्क्रिप्ट, वायफाय, बास.

निळीशाई

मंडळी, चार दिवसांनी परत आले.

आधी डिस्क. जनरेट मोड चालवला, इमेज चाळायला बराच वेळ लागला पण मॅपफाइल तयार झाली. उघडून बघितली तर अधिकच्या ओळींवर ओळी, मधे मधे प्रश्नचिन्हं. कप्पीताई, ती फाइल बघून मला रडूच आलं. मॅपफाइल या वेळी इमेजच्या शेजारी ठेवली, चार्जरची पिन टेपने घट्ट बसवली आणि पुढे चालू केलं. खराब भागावर अगदी रांगत होतं, मग डॅश डी देऊन थेट वाचायला लावलं आणि तीनदा परत प्रयत्न. शेवटी थोडे सेक्टर उणेच राहिले, पण इमेज लूपवर, फक्त वाचण्यासाठी माउंट केली तर फोटोंचं फोल्डर उघडलं. उघडून बघितलेल्यांत दोन फोटो खालून अर्धे करडे आलेत, बाकीचे बरोबर. बहिणीला पहिला फोटो पाठवला तो तिच्या लेकाचा दवाखान्यातल्या पाळण्यातला, जन्माच्या दिवशीचा.

आता पेनड्राइव्ह. सेक्टरदादांच्या फॅट३२ च्या वाटेने केला, पर्सिस्टन्सला ४ जीबी, उरलेलं एक्सफॅट. कॉन्फ फाइलमध्ये आडवाटांच्या दोनच ओळी. ग्रबमध्ये दोन नोंदी केल्या आणि पर्सिस्टन्सशिवायची वर ठेवली, म्हणजे काही न दाबता तीच चालू होते. तीनदा रिबूट करून बघितलं, वायफाय राहतं, होममधली फाइल राहते.

एकच शंका राहिली. काही महिन्यांनी डेबियनची नवी आयएसओ आली की काय करायचं, सगळं परत?

सेक्टरशून्य

नाही. फॅट३२ मधलं जुनं सामान काढून नव्या आयएसओच्या फाइली टाका आणि ग्रबच्या दोन नोंदी परत लिहा, त्यांची प्रत होममध्ये ठेवली असेल तर तेवढंही टाइप करावं लागणार नाही. दुसऱ्या पार्टिशनला हात लावायचा नाही. पूर्ण युनियन असता तर जुना वरचा थर नव्या खालच्या थरावर बसवायला गेलं की लायब्ररींचा मेळ बसत नाही आणि तो पुसूनच टाकावा लागतो. तुमच्याकडे नुसतं होम आणि वायफाय आहे, ते नव्यावर तसंच बसेल. मेजर व्हर्जन बदललं तर होममधली डेस्कटॉपची लपलेली सेटिंग फोल्डरं बाजूला काढा, ती कधी कधी नव्याशी भांडतात. डेब फाइली मात्र नव्या डाउनलोड करा, जुन्या चालतीलच असं नाही.

निळीशाई

ग्रबच्या नोंदींची प्रत आत्ताच होममध्ये टाकली. आणि पेनड्राइव्हवर चिकटपट्टी पण लावलीय.